तिसरा महिना

गुडघ्याचे सांधेरोपण झाल्यानंतर पहिले काही आठवडे व्यायाम चुकवण्याची सोयच नसते. दुखणे आठवण करून देते, फिजिओथेरपिस्ट ठरल्या वेळी दारात उभी राहते, आणि समाचाराला आलेला प्रत्येक नातेवाईक चहा संपण्याआधी ‘‘आता किती वाकतो?’’ असे विचारतो. या प्रश्नाचे उत्तर अंशांत द्यावे लागत असल्यामुळे शाळेनंतर सुटलेला कोनमापकाचा संबंध उतारवयात पुन्हा जुळतो. सपाट जमिनीवर चालायला ६५ ते ७० अंश पुरतात, जिना चढायला ८० च्या पुढे लागतात आणि बुटक्या खुर्चीतून उठायचे तर शंभरी ओलांडावी लागते. मात्र वाकण्याच्या या कौतुकात पाय पूर्ण सरळ होणे मागे पडते. गुडघा शून्य अंशापर्यंत सरळ झाला नाही, तर चालण्यात थोडा लंगडेपणा राहून जातो. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून नुसते पडून राहण्याचा, पाहणाऱ्याला निव्वळ आळस वाटेल असा व्यायाम त्यासाठीच असतो.

२००० सालच्या ऑक्टोबरात मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी पंतप्रधान वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यावर आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये उजव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया केली, तेव्हा ही गोष्ट घरोघरी बोलली गेली. २०१७ मध्ये सरकारने कृत्रिम सांध्यांच्या किमतींना मर्यादा घातल्यावर ती पुन्हा बोलली गेली. चर्चा असते ती धातूची, खर्चाची आणि डॉक्टरांच्या हाताची. परंतु कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा विकत मिळतो, त्याला हलवणारा मांडीचा स्नायू मिळत नाही. सूज आणि वेदना यांमुळे या स्नायूला मेंदूकडून पुरता हुकूमच पोहोचत नाही, आणि पहिल्या महिन्यात त्याची निम्म्याहून अधिक शक्ती जाऊ शकते. ती परत यायला अनेक महिने लागतात.

खरी कसोटी लागते ती तिसऱ्या महिन्याच्या सुमारास. वॉकर माळ्यावर जातो, काठी दाराआड उभी राहते, फिजिओथेरपिस्टचे येणे थांबते आणि सगळे जण ‘‘छान चालता की आता!’’ म्हणू लागतात. दुखत होते तोवर निमूटपणे केलेला व्यायाम बरे वाटू लागताच नकोसा होतो. आज पाहुणे आहेत, उद्या फराळाचे करायचे आहे, परवा पावसाळी हवेने अंग जड झाले आहे. माझ्या मते यात आळसापेक्षा कंटाळ्याचा वाटा मोठा आहे. उताणे पडून सरळ पाय वितभर उचलायचा, काही सेकंद तसाच धरायचा, सावकाश खाली ठेवायचा, आणि पुन्हा तेच. यात मन रमवण्यासारखे काहीही नाही. एक ते दहा मोजण्याचाही वीट आला, तेव्हा मी पाढे म्हणू लागले. एकोणतीसचा पाढा अडखळत का होईना निभावला, पावकी-निमकीही जमली. औटकीला मात्र पाय हवेत राहून आकडाच आठवेना, त्यामुळे त्या दिवशी स्नायूला चांगलेच काम झाले.

निश्चयावर माझा फारसा भरवसा नाही. पहाटेचा गजर लावून केलेले संकल्प पहाटेच मोडतात. त्यापेक्षा घरात जे रोज घडतेच, त्याला व्यायाम बांधून टाकावा. कुकर चढवला की शिट्ट्या होईपर्यंत ओट्याला धरून टाचा उचलायच्या. दूरदर्शनच्या बातम्या लागल्या की खुर्चीत बसून पाय सरळ करायचा आणि जाहिराती संपेपर्यंत खाली आणायचा नाही. जाहिराती किती लांब असतात, हे त्यामुळे प्रथमच कळले. चालायला जाणे वेगळे. ते आवडीचे असल्यामुळे आपोआप होते, पण नुसत्या चालण्याने मांडीची शक्ती पुरेशी परत येत नाही, ही गोष्ट चालायला आवडणाऱ्यांना पटत नाही.

माझ्या एका मैत्रिणीची शस्त्रक्रिया लवकरच आहे. मांडीच्या स्नायूचे व्यायाम डॉक्टरांना विचारून आत्ताच सुरू कर, नंतर सोपे जाते, असे मी तिला टॉवेलच्या गुंडाळीसह सविस्तर समजावून सांगितले. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘ते सगळं ठीक आहे गं, पण तो धातू आत गंजत नाही ना?’’