सॅम्पल पास झालं, मग माल का बिघडला?

परदेशी कारखान्याचं पहिलं सॅम्पल बहुधा सुरेखच असतं. सॅम्पल-रूममधल्या सर्वांत कसबी कारागिराने ते निवांतपणे केलेलं असतं. तुमचे ३,००० नग मात्र दुसऱ्या मशीनवर, दुसऱ्या पाळीत, कच्च्या मालाच्या दुसऱ्याच लॉटमधून निघतात. त्यामुळे त्या सॅम्पलवर 'ओके' लिहून काम सुरू करायला सांगणं धोक्याचं. खऱ्या साच्यातून, खऱ्या मटेरियलने, खऱ्या लाइनवर निघालेले नग मागवा आणि मंजुरी त्यांनाच द्या. त्यातले तीन सही-तारखेसह सीलबंद करा. एक तुमच्याकडे, एक कारखान्यात आणि एक तुम्ही नेमलेल्या तपासनिसाकडे. पुढे वाद झाला की फोटो फारसे कामाला येत नाहीत, हे तीन नग येतात.

ड्रॉइंगवर नुसतं ५० मिमी लिहिलं असेल तर ४९.५ सुद्धा बरोबर, असं कारखाना म्हणणार आणि ते खोडणं अवघड. खाली 'आयएसओ २७६८-एम' (मापात किती फरक चालेल ते ठरवणारं आंतरराष्ट्रीय मानक, मध्यम वर्ग) एवढं लिहिलं, तर ३० ते १२० मिमीच्या मापांना ±०.३ मिमी लागू होतं. जिथे दोन भाग एकमेकांत बसतात तिथे स्वतंत्र, घट्ट टॉलरन्स (मापात चालणारा फरक) द्या. सगळीकडे घट्ट देऊ नका, भाव उगाच चढतो. मटेरियलचंही तसंच. 'एबीएस' हे प्लॅस्टिकच्या एका प्रकाराचं नाव, ते काही स्पेसिफिकेशन नव्हे. उत्पादक, ग्रेड आणि दळून परत वापरलेलं प्लॅस्टिक किती टक्के चालेल, हे तिन्ही लिहा. आणि 'किंवा समतुल्य' हे शब्द आधी खोडा.

मटेरियलमधले गुपचूप बदल बहुतेक वेळा भाव पिळल्यावर होतात. शेवटच्या बोलणीत ८ टक्के कमी करून घेतले, तर ते कारखाना कुठून तरी भरून काढणारच: भिंतीची जाडी, प्लेटिंगचा थर, नाहीतर खोक्याचा पुठ्ठा. भाव उतरला की नेमकं काय स्वस्त केलं, हे तिथल्या तिथे विचारा.

साच्याचे पैसे तुम्ही भरले म्हणून साचा आपोआप तुमचा होत नाही. मालकी, पोलादाचा प्रकार, कॅव्हिटींची (नग घडणाऱ्या पोकळ्यांची) संख्या, साच्यावर कोरलेला क्रमांक आणि तो हलवण्याचा हक्क करारात हवा. करार कारखान्याच्या देशातल्या कोर्टात चालेल असा, तिथल्या भाषेत करा. आपल्याकडच्या कोर्टाचा निकाल तिथे अमलात आणता येईलच असं नाही. ज्या कंपनीचा शिक्का करारावर आहे, बँक खातं तिच्याच नावाचं आहे ना, तेही बघा. मध्येच 'खातं बदललंय' असा ईमेल आला तर पैसे थांबवा आणि आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करा. ईमेलमधल्या नंबरवर नाही.

तपासणी दोनदा तरी हवी. पहिली साधारण २० टक्के माल तयार झाल्यावर, कारण तेव्हा चूक सुधारता येते. दुसरी सगळा माल तयार आणि किमान ८० टक्के पॅक झाल्यावर. खोकी तपासनिसाने स्वतः निवडायची, कारखान्याने पुढे करायची नाहीत. आयएसओ २८५९-१ (नमुने काढून तपासण्याचं आंतरराष्ट्रीय मानक) च्या तक्त्यानुसार ३,००० नगांच्या लॉटला, तपासणीच्या सर्वसाधारण पातळी २ ला, १२५ नग तपासले जातात. मोठ्या दोषांसाठी एक्यूएल (स्वीकारार्ह दर्जाची मर्यादा) २.५ धरला तर ७ दोषी नगांपर्यंत लॉट पास, ८ला नापास. किरकोळ दोषांसाठी ४.० धरला तर १० पर्यंत पास, ११ला नापास. इजा होऊ शकेल असा दोष एकही चालत नाही. मोठा कोणता आणि किरकोळ कोणता, हे ठरवायचं तुम्ही. 'ओरखडा नको' असं मोघम लिहिलंत तर तपासनीस आपल्या मर्जीने मोजेल. '५ मिमीपेक्षा लांब, ६० सेंमीवरून दिसणारा' असं लिहा. तुम्ही दिलेल्या यादीत नसलेली गोष्ट तो तपासणार नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही.

३० टक्के आगाऊ आणि ७० टक्के नंतर, अशी वाटणी सर्रास चालते. प्रश्न 'नंतर' म्हणजे कधी एवढाच. अहवाल पास झाल्यावर, पण माल निघण्याआधी. बाकीचे पैसे दिल्यावर कारखान्याला दुरुस्तीची घाई उरत नाही.

वाहतुकीत सीआयएफचा (किंमत, विमा आणि भाडं धरून केलेल्या सौद्याचा) घोळ होतो. भाडं आणि विमा विक्रेता भरतो, पण माल जहाजावर चढला की जोखीम तुमची. लाकडी पॅलेट असतील तर त्यांवर आयएसपीएम १५ चा (लाकडातली कीड मारण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा) शिक्का हवा. उष्णतेची प्रक्रिया असेल तर गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस, सलग ३० मिनिटं. शिक्का नसेल तर माल बंदरातच अडकू शकतो.

शेवटची तपासणी जहाजाच्या आदल्या दिवशी ठेवू नका. लॉट नापास झाला तर वेचणं, दुरुस्ती आणि फेरतपासणी यांना आठवडा-दीड आठवडा सहज लागतो. तेवढे दिवस हातात नसले की नापास मालही 'यावेळी चालवून घ्या' म्हणत कंटेनरमध्ये चढतो.