तुम्ही विचारलंत म्हणून : माझ्याच बाजूच्या बंदीला माझा विरोध का?

‘तुम्ही जातिअंताच्या बाजूच्या, मग टोचणाऱ्या मतांवर बंदी आणा म्हटलं की आडव्या का येता?’ हे मला चळवळीतली माझीच माणसं विचारतात, बहुतेकदा दुखावलेल्या स्वरात.

१९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळानं बाबासाहेबांना वार्षिक परिषदेचं अध्यक्षपद दिलं. ही माणसं सनातनी नव्हती, जात मोडायलाच निघाली होती. पण भाषण आधी वाचल्यावर त्यांचा धीर सुटला. वेदांवरचा मजकूर गाळा, अशी गळ त्यांनी घातली. स्वल्पविरामही बदलणार नाही, असं बाबासाहेबांनी कळवलं. परिषद बारगळली. त्यांनी भाषण स्वखर्चानं छापलं, १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. गांधीजींनी ‘हरिजन’मधून टीका केली, १९३७च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी ती टीकाही छापली आणि तिला आपलं उत्तरही.

मला यातलं हे शेवटचं फार मोलाचं वाटतं. समोरच्याचं म्हणणं वाचकापुढे ठेवायचं आणि मग खोडून काढायचं. आपण आज काय करतो? २०२४ साली सर्वोच्च न्यायालयानं अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला, म्हणजे आरक्षणासाठी त्यांच्यात पोटगट पाडायला, मान्यता दिली. त्यावर दोन्ही बाजूंनी बोलणारे आपलेच आहेत, दोघांचीही पोटतिडीक खरी आहे. तरी एका सभेत मी पाहिलं, नको असलेलं मत मांडणाऱ्या तरुणाचा माईक काढून घेतला. त्याचा मुद्दा काय होता, हे सभागृहातल्या कुणालाच शेवटपर्यंत कळलं नाही. मला तो मुद्दा पटला नसता बहुधा, पण ऐकायचा होता.

शिवीगाळ मोकाट सोडा असं मी म्हणत नाही. अनुसूचित जाती-जमातीतल्या माणसाचा चारचौघांत जातीवरून अपमान करणं १९८९च्या ॲट्रॉसिटी कायद्यानं गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा. तिथे एका माणसावर वार झालेला असतो. मताचं तसं नसतं. सगळ्यांना सारखं बोलायला मिळत नाही, हा तुमचा आक्षेपही खरा. म्हणून तर ज्यांना आजवर माईक मिळाला नाही त्यांना तो द्या, त्यासाठी मी भांडेन.

पण ‘भावना दुखावल्या’ हा निकष आपण उचलू नये. धार्मिक भावना दुखावण्याविरुद्धचं २९५अ कलम दंडविधानात आलं १९२७ साली. महाडला मनुस्मृती जाळली गेली तीही त्याच वर्षी, २५ डिसेंबरला. त्या दिवशी कुणाच्या भावना दुखावल्या, हे निकष हाती घेण्याआधी आठवून बघा.