आमची वाटचाल : नव्वद सोंगट्यांची थैली

२००९ साली मी आणि माझी मावसबहीण, दोघींनी लालबागच्या एका गाळ्यात कामाला सुरुवात केली. ऑफिसांचे सण करायचे. पाडव्याची गुढी, दिवाळीचा फराळ, दसऱ्याला हाउजी, म्हणजे थैलीतून आकडे काढून तिकिटावर जुळवायचा खेळ. बीकेसी, लोअर परळ, सीप्झ इथली ऑफिसं आमची गिऱ्हाइकं होती. पहिली दहा वर्षं बरी गेली. मधे बहीण भावजींच्या बदलीमुळे नागपूरला गेली. हाउजीच्या नव्वद लाकडी सोंगट्यांवर तिने स्वतः लाल ऑइलपेंटने आकडे काढले होते. ती थैली मी मागून घेतली.

२०२० चा पाडवा २५ मार्चला होता. देशभर लॉकडाऊन लागला तोही त्याच दिवशी. गाळ्यात साडेचारशे खोकी भरून तयार, प्रत्येकात साखरेची गाठी. जूनमध्ये शटर उघडलं तेव्हा गाठींना पाणी सुटून खोक्यांचे तळ जमिनीला चिकटले होते आणि मुंग्यांची रांग पार सीलिंग मशीनपर्यंत गेली होती. पॅकिंगच्या पाच मुलींचे पगार मी बांगड्या गहाण ठेवून दिले. त्यात एका बड्या कंपनीने होळीच्या कार्यक्रमाचं बिल अडवलं. काम होऊन गेलं होतं, त्यांच्या माणसांनी पुरणपोळ्या खाल्ल्या होत्या! २००६ च्या कायद्याप्रमाणे आमच्यासारख्या लहान उद्योगाचे पैसे, करार काहीही असो, ४५ दिवसांच्या वर थकवता येत नाहीत. पण आमची नोंदणीच नव्हती. नव्या लोकांनी पहिली ऑर्डर घेण्याआधी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून टाकावी. ते बिल आजही आलेलं नाही आणि मी ते विसरलेले नाही.

गाळा सोडायचं जवळजवळ ठरलं होतं. तेवढ्यात सप्टेंबरात सीप्झच्या आमच्या जुन्या एचआर मॅडमचा फोन आला. "ताई, आमची मुलं गावी जाऊन बसलीत. काम होतंय, पण कुणी कुणाशी बोलत नाही. नवीन आलेल्यांनी तर एकमेकांची तोंडंही पाहिलेली नाहीत. दिवाळीला काहीतरी करा." आगाऊ निम्मे पैसे त्यांनी त्याच संध्याकाळी पाठवले. मी मागितलेही नव्हते.

एकशे बारा डबे करायचे होते. चिवडा आणि शंकरपाळे चिवडा गल्लीतून घेतले, रव्याचे लाडू घरचे. चकली पहिल्या चाचणीतच भुगा होऊन परत आली, म्हणून काढून टाकली. पाकिटं पायाने दाबायच्या सीलिंग मशीनवर दोनदा सील केली, कारण एकाच पट्टीवर स्पीड पोस्टचा प्रवास भरवशाचा नाही. पिनकोड मॅडमनी स्वतः फोन करून तपासून दिले. पिनचे पहिले तीन आकडे चुकले की डबा भलत्याच जिल्ह्यात जातो, आणि सगळ्यांनी एकाच वेळी डबा उघडण्यात जी मजा आहे ती त्या एका माणसापुरती संपते.

झूमवर एकशे बारा माणसं एकत्र बसवली तर चौघं बोलतात, बाकीचे म्यूटवर. म्हणून मी ब्रेकआउट रूम, म्हणजे त्याच कॉलमध्ये छोट्या वेगळ्या खोल्या केल्या. एका खोलीत चारच जण, चौघंही वेगवेगळ्या विभागांचे. विषय एकच : तुमच्याकडे चिवडा पातळ पोह्यांचा की भाजक्या? मग पुन्हा सगळे एकत्र आणून हाउजी. आकडे ॲपने काढले नाहीत. कॅमेऱ्यासमोर थैली हलवली, त्या लाकडाचा आवाज सगळ्यांनी ऐकला. फुल हाउस गारगोटीच्या एका मुलाला लागलं. तो जूनमध्ये टेस्टिंगला लागलेला. त्याच्या खोलीतल्या अकाउंट्सच्या बाई शेजारच्याच गावच्या निघाल्या. कार्यक्रम संपल्यावर ती चौघं पुन्हा आपल्या खोलीत गेली आणि बाहेरच पडेनात. मॅडम मला मेसेज करत होत्या, "बंद करू नका, राहू द्या."

पुढच्या वर्षभरात नऊ कंपन्या जोडल्या गेल्या. एका कार्यक्रमाला एक गृहस्थ कॅमेरा बंद ठेवून बसले होते. पाहुणे आहेत असं सांगितलं गेलं. दोन महिन्यांनी एका मोठ्या प्लॅटफॉर्मने आमचाच डबा, आमचाच क्रम, चिवड्याचा प्रश्नसुद्धा तसाच उचलून निम्म्या भावात विकायला काढला. आमची तीन गिऱ्हाइकं तिकडे गेली. त्यांच्याकडे पाचशे माणसं एकाच कॉलवर, एक निवेदक ओरडतोय, वर कॅमेरा चालू ठेवायची सक्ती. पंधरा वर्षं माणसांना जेवायला बसवलेल्या बाईला हे दिसतं : माणूस चौघांत खुलतो, पाचशेत लपतो. तीनपैकी दोघं परत आले.

जे एचआरवाले हे वाचत असतील त्यांना सांगते. कार्यक्रम ऑफिसच्या वेळेतच ठेवा, रात्री आठला घरी पोळ्या लाटायच्या असतात. कॅमेऱ्याची सक्ती नको. नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात दुसऱ्या विभागातला एक जोडीदार द्या, साहेब नव्हे. आणि वर्षातून एका मोठ्या सोहळ्यापेक्षा दर आठवड्याला वीस मिनिटं, तीच चार माणसं. आम्ही आता मुख्यतः हेच चालवतो. महिन्याला एक डबा आणि दर बुधवारी चारचा चहा.

मॅडमनी दोन वर्षांपूर्वी कंपनी बदलली. नव्या ठिकाणी रुजू झाल्या त्या आठवड्यातच फोन आला, "ताई, इथे निम्मी माणसं घरून काम करतात. थैली आहे ना?" थैली आहे. सत्तेचाळीसचा रंग उडाला होता, तो मागच्या दिवाळीत बहिणीने नागपूरहून येऊन परत भरून दिला.