पेशव्यांनी दिलेल्या जागेवरचे चर्च

माझे माहेर पुण्याचे आणि धर्म कॅथलिक, या दोन गोष्टी एकदम कळल्या की सोलापुरातला माणूस हमखास विचारतो, "तुमचे ते पुण्यातले चर्च इंग्रजांनीच बांधले असेल ना?" शेजारच्या काकूंनी हाच प्रश्न गड्ड्याच्या जत्रेत दोनदा विचारला आणि पाळण्यांच्या कर्कश भोंग्यात माझे उत्तर दोन्ही वेळा अर्धवट राहिले, म्हणून ते आता लिहून काढते.

इंग्रजांचा त्या चर्चच्या जन्माशी काही संबंध नाही. क्वार्टर गेटजवळच्या ज्या चर्चला सारे पुणे 'सिटी चर्च' म्हणते, त्याचा आरंभ १७९२ सालचा. शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले ते १८१७ मध्ये, आणि आपल्या सोलापूरचा भुईकोट पडला तो १८१८ च्या मे महिन्यात. चर्चसाठी जागा दिली सवाई माधवराव पेशव्यांनी, कारण त्यांच्या फौजेत गोव्याकडचे कॅथलिक शिपाई आणि अंमलदार चाकरीला होते. यात पेशव्यांचे मोठे औदार्य पाहण्याची हल्ली पद्धत आहे. मला त्यात चोख व्यवहारही दिसतो. परमुलखातला माणूस चाकरीत टिकवायचा, तर त्याच्या लग्नाची, बारशाची आणि मातीची सोय लावून द्यावी लागते, हे त्या काळच्या कारभाऱ्यांना कोणी शिकवायला नको होते. आज दिसणारी प्रशस्त वास्तू मात्र पुढच्या शतकातली आहे.

चर्चचे नाव येशूच्या आईचे, निष्कलंक मरियेचे, आणि त्या नावातही गोव्याची वाट दिसते. पोर्तुगालच्या राजाने १६४६ मध्ये तिला आपल्या राज्याची आश्रयदात्री मानले. मरिया आईच्या उदरात आली तेव्हापासूनच पापमुक्त होती, हा निष्कलंक गर्भधारणेचा सिद्धांत रोमने अधिकृतपणे जाहीर केला तो १८५४ मध्ये. म्हणजे त्याच्या ६२ वर्षे आधी पुण्यातले शिपाई तिच्या नावाने गुडघे टेकत होते. पुढे १८८६ मध्ये पुणे धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपच्या देखरेखीखालचा प्रदेश, स्थापन झाला. सोलापूरही याच धर्मप्रांतात मोडते, त्यामुळे लग्नानंतर माझा धर्मग्राम, म्हणजे स्थानिक चर्च, बदलला, बिशप मात्र तेच राहिले.

८ डिसेंबरला चर्चचा सण असतो आणि त्याआधी नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजची खास प्रार्थना. लहानपणी त्या संध्याकाळी आई माझ्या मेणबत्तीला कागदाची गोल चकती अडकवून देत असे. तरीही मेण ओघळून बोटावर यायचेच, आणि ते खरवडण्यात माझे अर्धे प्रवचन निघून जायचे. आता माझी भाची तेच करते आणि तिची आई तिला डोळे वटारते.

गेल्या सणाला मी काकूंनाच सोबत नेले. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने निघालो, मिस्सा, म्हणजे सणाची मुख्य उपासना, संपत आली तेव्हा पोहोचलो. आम्ही सगळे चपला-बुटांसकट आत जातो, काकूंनी मात्र पायरीवरच चपला काढल्या, उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि मागे वळून मला विचारले, "इथे चपला कुणी नेत नाही ना?" मी नाही म्हटले आणि, का कोण जाणे, माझ्याही चपला त्यांच्या शेजारी काढून ठेवल्या.