झाडपाल्याचं आहे म्हणून स्टॅटिन बंद?

आज मामाला घेऊन हृदयरोगतज्ज्ञांकडे गेले होते. स्टेंट बसवलेला माणूस, आणि कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी परस्पर बंद करून लसूण-हळदीच्या कॅप्सूल घेत होता! "अगं, झाडपाल्याचं आहे, अपाय कसला होणार?" रिपोर्टमध्ये एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, चांगलंच चढलेलं. माझ्या तर पोटात गोळाच आला.

२०२२ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी हेच तपासलं होतं. लसूण, हळद, दालचिनी, प्लांट स्टेरॉल (वनस्पतींतला कोलेस्टेरॉलसारखा घटक), रेड यीस्ट राइस (यीस्टने आंबवलेला लाल तांदूळ), फिश ऑइल एका बाजूला आणि ५ मिग्रॅ रोसुव्हास्टॅटिन हे स्टॅटिन दुसऱ्या बाजूला. २८ दिवसांत स्टॅटिनने एलडीएल जवळजवळ ३८ टक्क्यांनी उतरवलं. बाकी एकही सप्लिमेंट औषध नसलेल्या नुसत्या खोट्या गोळीपेक्षा (प्लासिबो) सरस ठरलं नाही. अभ्यास लहान होता हे खरं, पण फरक केवढा!

वनस्पतींमध्ये काहीच नाही असं मात्र मी म्हणणार नाही. इसबगोल खरंच उपयोगी आहे. त्यातला विरघळणारा तंतू आतड्यात पित्ताम्लं धरून बाहेर नेतो, मग नवी बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरतं. मामाला तो चालेल म्हणाले डॉक्टर, भरपूर पाण्यासोबत आणि औषधांपासून अंतर ठेवून. जवसाची चटणीही खुशाल खा. पण गोळीच्या जोडीला, गोळीऐवजी नाही.

घरी कुणी अशा कॅप्सूल घेत असेल, विशेषतः रक्त पातळ करणारं औषध चालू असताना लसणाच्या, तर पुढच्या तपासणीला ती बाटली सोबत न्या. मामाने आज दाखवली, पहिल्यांदाच.