लाईट चालू ठेव

"मामा, तू तर म्हणालास हा हसायचा पिक्चर आहे!"

भाचीने उशी तोंडावर घेतली होती. टीव्हीवर 'झपाटलेला'. त्यातल्या बाहुल्याने, तात्या विंचूने, नुकतीच मान वळवली होती.

मी हसत होतो. मग आठवलं, लहानपणी मीही आईच्या पदराआडूनच बघितला होता हा. 'ओम फट् स्वाहा'वर हसायला नंतर शिकलो.

दिग्दर्शक महेश कोठारे म्हटलं की आपल्याला 'धुमधडाका' (१९८५) आठवतो, लक्ष्या म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे आठवतो. पण आज नीट बघितलं तर १९९३च्या त्यांच्या 'झपाटलेला'त बोलक्या बाहुल्यांवाल्या रामदास पाध्यांचा बाहुला एकदाही गंमत म्हणून वागत नाही. गंमत सगळी लक्ष्याची. बाहुला जिवंत आहे म्हणून तो जीव तोडून सांगतो आणि कुणाचा विश्वास बसत नाही. आपण हसतो त्यावरच. पोरं घाबरतात तीही त्यालाच!

पुढे २००४मध्ये 'पछाडलेला' आला. तिथेही भूत आणि हशा एकाच घरात. तरी कोठाऱ्यांना भयपटवाला म्हणताना कुणाला ऐकलं नाही.

रात्री भाची म्हणाली, "लाईट चालू ठेव." तिची बाहुली मी गुपचूप कपाटात ठेवली.

तिच्यासाठीच. खरंच.

तुम्ही आधी हसला होतात की घाबरला होतात?