मुक्तीनंतरच्या कोरियन नोटा जमवताना

मी कोरियन नोटांकडे वळलो ते टपाल तिकिटांमुळे. 1953 साली कोरियातल्या युद्धकैद्यांच्या देखरेखीसाठी भारताने सैन्य पाठवलं. त्या तुकडीचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. जवानांना घरी पत्रं पाठवता यावीत म्हणून आपल्या नेहमीच्या तिकिटांवर देवनागरीत ‘भारतीय संरक्षा कटक कोरिया’ असं छापलं होतं. तो संच हाती लागला, आणि त्या दिवसांत तिथल्या माणसांच्या खिशात कुठला पैसा होता हे बघायची ओढ लागली.

जपानी सत्ता ऑगस्ट 1945 मध्ये गेली, पण जपान्यांनी चालवलेली बँक ऑफ चोसेन लगेच गेली नाही. दक्षिणेत अमेरिकन लष्करी राजवट आली तरी नोटा त्या बँकेच्याच नावाने निघत राहिल्या, थेट 1950 पर्यंत. आपल्याकडच्या प्रदर्शनांत डीलर या सगळ्या नोटा ‘जपानी कोरिया’ म्हणून एकाच अल्बममध्ये लावतात. नोटेवर तोच दाढीवाला म्हातारा, तेच बँकेचं नाव, त्यामुळे वरवर बघून फरक कळत नाही.

फरक आहे तो चिन्हात. मी 100च्या दोन नोटा शेजारी ठेवल्या आणि भिंग लावलं. जुनीवर पॉलोनिया या झाडाचं जपानी सरकारी चिन्ह: खाली तीन रुंद पानं, वर फुलांचे उभे तुरे. 1946च्या नोटेवर त्या जागी पाच पाकळ्यांचं मुगुंगह्वा, म्हणजे आपल्या जास्वंदीच्या कुळातलं कोरियाचं फूल. शिवाय ‘बँक ऑफ जपानच्या नोटांत बदलून मिळेल’ हे वचनही नव्या नोटेवरून गेलेलं. देश स्वतंत्र झाल्याची खूण एवढ्याशा जागेत मावली आहे, आणि मला ती अजूनही पुन्हा पुन्हा बघावीशी वाटते. वापरलेल्या, घड्या पडलेल्या अशा नोटा परवडणाऱ्या भावात मिळतात.

उत्तरेकडच्या नोटांना मात्र जपून हात लावावा लागतो. तिथे आधी सोव्हिएत सैन्याच्या मुख्यालयाच्या नावाने नोटा निघाल्या, मग डिसेंबर 1947 मध्ये चलनच बदललं. कामगार आणि शेतकरी शेजारी उभे असलेल्या 1947च्या नोटा ऑनलाइन ढिगाने दिसतात, त्याही कोऱ्या करकरीत. त्यातल्या बऱ्याच नंतर छापलेल्या असतात. नोट उजेडासमोर धरायची: वॉटरमार्क दिसला तर अस्सल छपाई, नाही दिसला तर पुनर्मुद्रण. म्हणून मी विक्रेत्याकडे उजेडासमोर धरलेल्या नोटेचा फोटो मागतो. एकाने तो द्यायला टाळाटाळ केली, तिथे व्यवहार थांबवला.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो 1950च्या नोटांवर. बँक ऑफ कोरिया सुरू झाली 12 जूनला, आणि 25 जूनला युद्ध पेटलं. तीन दिवसांत सोल पडलं. नव्या बँकेच्या पहिल्या नोटा, राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांचं चित्र असलेली 1000 वॉनची आणि ग्वांगह्वामुन दरवाजाची 100 वॉनची, जपानमध्ये छापून आणाव्या लागल्या आणि 22 जुलैला दक्षिणेतल्या देगू शहरात चलनात आल्या. उत्तरेच्या सैन्याच्या हाती बँक ऑफ चोसेनच्या नोटा पडल्या होत्या, म्हणून ऑगस्टअखेरीपासून जुन्या नोटा बदलून घ्यायचं काम सुरू झालं. ही घाई कळली की त्या साध्या छपाईच्या 1000 वॉनकडे बघायची नजरच बदलते.

कामानिमित्त सोलला जाणं झालं तेव्हा होएह्यनच्या भुयारी बाजारात गेलो. तिथे नाणी, नोटा, तिकिटं आणि जुन्या रेकॉर्ड्सची दुकानं आहेत. दुकानदाराला इंग्रजी बेताचंच येत होतं, पण आकडे आणि बोटं पुरली. जवळच बँक ऑफ चोसेनची 1912ची दगडी इमारत आहे, त्यात आता बँक ऑफ कोरियाचं चलन संग्रहालय आहे. खरेदीच्या आधी ते बघून घ्यावं, कारण अस्सल नोटेचा रंग कॅटलॉगच्या फोटोत नीट कळत नाही.

वर्षाचा घोळ मात्र सोपा आहे. 1952 पासूनच्या नोटांवर 4285, 4286 असे आकडे दिसतात. ते दानगुन या कोरियन शकातले, त्यातून 2333 वजा करायचे. फेब्रुवारी 1953 मध्ये चलन बदललं आणि 100 वॉनचा एक ह्वान झाला. अमेरिकेत छापून आलेल्या त्या पहिल्या ह्वान नोटांवर इंग्रजीत ‘वॉन’च आहे, त्यामुळे माहीत नसेल तर त्या चुकीच्या पानावर लावल्या जातात.

मुंबईच्या पावसाळ्यात हा कागद लगेच ओल धरतो. पीव्हीसी नसलेल्या स्लीव्ह, सिलिका जेलच्या पुड्या आणि बंद डबा, एवढं हवंच. लॅमिनेशन आणि चिकटपट्टी चुकूनही नको.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी 1946ची मुगुंगह्वाची 100ची नोट घ्यावी, मग 1950ची जोडी, मग 1953चे ह्वान. उत्तरेच्या नोटा वॉटरमार्क ओळखता येऊ लागल्यावरच. 1956ची 500 ह्वानची नोट, जिच्यात री यांचा चेहरा बरोबर मधोमध असल्याने घडी घातली की राष्ट्राध्यक्षांचं तोंडच दुमडायचं आणि जी 1958 मध्ये चेहरा उजवीकडे नेऊन बदलली, ती कोऱ्या अवस्थेत फार महाग आहे. तिच्यासाठी पैसे साठवतो आहे.